डावीकडे एक कप

बॅगेची चेन ओढल्याचा आवाज आला तेव्हा खोलीत इतकं शांत होतं, की शेजारी झोपलेल्या कुंगचा श्वास मला स्पष्ट ऐकू येत होता. चेन अर्ध्यावर येऊन अडकली. आईनं ती मागं घेतली, पुन्हा ओढली. पुन्हा तिथंच अडकली.

"हिलापण जायचं नाहीये," आई पुटपुटली.

"आत्तापासून कशाला भरतेस गं?"

"मग केव्हा भरू? सहाची बस आहे संध्याकाळची. तू जिंकलीस तर उघडीन. उघडायला काय लागतं? भरायलाच वेळ जातो."

बाहेर अजून उजाडायचं होतं. बाजारामागची ही खोली मी सुट्टीपुरती भाड्यानं घेतली होती. आई आणि कुंग सुरीनच्या आमच्या गावाहून दर उन्हाळ्यात येतात, शाळा उघडायच्या आत परत जातात. एरवी मी गोल्फच्या मैदानामागं, खेळणाऱ्यांच्या बॅगा ओढणाऱ्या कॅडी बायकांच्या वसतिगृहात राहते. एका खोलीत चौघी, आणि मुलांना मनाई. कुंग झाली तेव्हा एवढीशी होती, अंगाचं वेटोळं करून पडलेली, म्हणून तिचं नाव कुंग पडलं. कुंग म्हणजे कोळंबी. तिचा बाप तैवानच्या कारखान्यात गेला, वर्षभर फोन करत राहिला, मग त्याचा नंबरच बंद लागायला लागला. कुंग दोन वर्षांची असताना मी तिला आईच्या मांडीवर ठेवून या किनाऱ्यावर आले. आता तिला सहावं वर्ष चालू आहे. मागच्या वर्षी फोनवर ती मला चुकून मावशी म्हणाली. मागून आई ओरडली, "अगं, आई आहे ती!" आणि कुंग हसत सुटली. मीही हसले. फोन ठेवल्यावर मात्र दिवसभर कुणाशी धड बोलता आलं नाही.

यंदा ती परत जाणार की माझ्याजवळ राहणार, हे आज दुपारपर्यंत ठरायचं होतं.

रिसॉर्टवाले मैदानाच्या टोकाला लहान मुलांची गोल्फ-शाळा काढत होते. शिकवायला हाताखाली एक बाई हवी होती, आणि ती कॅडींतूनच घ्यायची असं ठरलं. पगारापेक्षा मोठी गोष्ट म्हणजे खोली. उपाहारगृहामागच्या चाळीत एक खोली, मुलाबाळांसकट राहायची परवानगी, आणि फाटकाशी सरकारी शाळेची गाडी थांबते. अर्ज बावीस आले. मग आमच्या कॅडींच्या प्रमुख, प्रापाबाई, म्हणाल्या, "माझ्या मर्जीनं निवडलं तर एकवीस जणी जन्मभर माझ्या नावानं बोटं मोडतील. सोमवारी मैदान पाहुण्यांना बंद असतं. अठरा होल खेळा. जिचे फटके सगळ्यांत कमी, तिची जागा."

मी कुंगच्या गालांना उन्हासाठी थंडाव्याची पांढरी माती लावली, डोक्यावर माझी जुनी टोपी घातली. ती झोपेतच उभी होती.

"आई, आज तू कुणाची बॅग ओढणार?"

"कुणाचीच नाही. आज मीच खेळणार."

"मग तुझी बॅग कोण ओढणार?"

"मीच."

"मग काय फरक पडला?" असं म्हणून ती माझ्या खांद्यावर पुन्हा झोपली.

*

पहिल्या होलपाशी, बदामाच्या झाडाखाली, भूमिदेवाचं खांबावरचं छोटं घर आहे. रोज कामावर जाताना आम्ही तिथं हात जोडतो. त्या सकाळी लाल सरबताच्या बाटल्यांची नुसती रांग लागली होती. प्रत्येकीनं आपली बाटली ठेवलेली, प्रत्येक बाटलीत नळी खोचलेली.

"देवाला मधुमेह होईल आज," तुम म्हणाली. तुम वसतिगृहात माझ्याच खोलीत राहणारी. अंगानं भरलेली, तोंडानं त्याहून भरलेली. तिनं अर्जबिर्ज खुर्ची मिळेल म्हणून केला होता. "मुलांना शिकवायचं म्हणजे बसून शिकवत असतील ना गं?" असं तिनं महिनाभर सगळ्यांना विचारलं होतं.

मी डोळे मिटले, मागायचं ते मागितलं. उघडले तर शेजारी आमच्याच खोलीतली साइपिनताई हात जोडून उभी होती.

ती काय मागत होती ते मला ठाऊक होतं. तिची बाइतोय आठ वर्षांची, बुरीरामला आजीकडं. बाइतोय आजीला आई म्हणते आणि आईला साइपिन म्हणते. दर रविवारी साइपिनताई वसतिगृहाच्या जिन्यात बसून फोन लावते, आणि पाच मिनिटांत आत येते. "मुलीला खेळायला जायचं होतं," म्हणते. या जागेची बातमी आली त्या दिवशी तिनं बाजारातून लहान मुलीची मच्छरदाणी आणली. गुलाबी. अजून तिच्या गादीखाली घडी घालून ठेवलेली आहे.

आम्ही दोघी शेजारी शेजारी उभ्या होतो, आणि खोली एकच होती.

"झोपलीस का रात्री?" तिनं विचारलं.

"थोडी. तू?"

"मी तर घोरले. तुमला विचार."

"खोटं," तुम म्हणाली. "रात्रभर जिना चढउतार करत होती ही. मला वाटलं चोर आला. खूश झाले, म्हटलं कुणीतरी पुरुष आला एकदाचा."

आम्ही तिघी एका गटात होतो, चिठ्ठ्या टाकून. माझं फटक्यांचं कार्ड साइपिनताईनं लिहायचं, साइपिनताईचं तुमनं, आणि तुम हिचं मी.

प्रापाबाई खुर्चीवर उभ्या राहिल्या. सगळ्या जणी आज टोपी आणि तोंडावरचे रुमाल काढून आल्या होत्या. एरवी फक्त डोळे दिसतात आमचे, आणि पाठीवरचा नंबर. काही चेहरे मी वर्षभरानं नीट बघत होते.

"ऐका गं," प्रापाबाई म्हणाल्या. "आज तुम्ही कॅडी नाही. आज तुम्ही खेळाडू आहात. दुसरीचा चेंडू पुसायला जाल, वाळू सारखी करायला धावाल, ते सगळं चालवून घेईन. पण एक चालणार नाही. कुणी कुणाला काही सांगायचं नाही. किती अंतर, कुठला दांडा घ्यायचा, चेंडू कुठून वळणार, एक शब्दसुद्धा नाही. सांगितलं तर सांगणारीला दोन फटके जास्त. आणि विचारलं तर विचारणारीलापण दोन."

"तोंडाला चिकटपट्टी द्या बाई," मागून कुणीतरी म्हणालं.

"तुमला दोन लागतील," दुसरी म्हणाली.

सगळ्या हसल्या. मीही हसले. मनात म्हटलं, एवढं साधं कुणाला पाळता येणार नाही?

*

साइपिनताईनंच मला हे काम शिकवलं. मी आले तेव्हा मला गोल्फमधलं काही कळत नव्हतं. भाताच्या बांधावरून सरळ इथं आलेली. पहिला महिना ती मला हाताला धरून हिरवळी-हिरवळींवर फिरवायची. होलभोवतीचं गवत इतकं बारीक कापलेलं असतं, की नवख्याला ते गालिच्यासारखं सपाट वाटतं. "पायांनी बघ," ती म्हणायची. "डोळे फसवतात. पायाला उतार कळतो." मग चेंडूच्या मागं उकिडवं बसायचं, गवत कुठं झुकलंय ते बघायचं, आणि पाहुण्याला हळू आवाजात चार शब्दांत सांगायचं. डावीकडे एक कप. उजवीकडे अर्धा. सरळ, जोरात. कप म्हणजे होलच्या तोंडाची रुंदी, तेवढं बाजूला धरून मारायचं. जास्त बोललं की पाहुणा गोंधळतो, कमी बोललं की रागावतो. तीन वर्षं दिवसातून दोन वेळा, अठरा-अठरा हिरवळींवर मी हेच बोलत आले. झोपेतही बोलते म्हणे. तुम सांगते.

पहिली नऊ होल मी वाईट खेळले. एका पाहुण्यानं टाकून दिलेले दांडे होते माझे, मोठ्या दांड्याची मूठ सैल होती. साइपिनताई दोन फटक्यांनी पुढं गेली. कुंग मैदानावरच्या छोट्या गाडीत, तुमनं आणलेल्या बर्फाच्या डब्याजवळ बसून ओल्या रुमालानं गाडीचं चाक पुसत होती.

दहाव्यापासून वारा पडला. समुद्र तापलेल्या पत्र्यासारखा झाला. पश्चिमेला डोंगरांवर ढग चढायला लागले होते, पण आमच्याकडं पान हलत नव्हतं. घामानं मूठ निसटत होती. मी शर्टाला हात पुसत पुसत खेळत राहिले, आणि एकेक करून अंतर तोडत आणलं. चौदाव्यावर बरोबरी. पंधराव्यावर साइपिनताईचा चेंडू सुरूच्या झाडाला लागून वाळूच्या खड्ड्यात पडला. खड्ड्यात उतरली, चेंडू काढला, आणि मग सवयीनं वाळू इतकी छान सारखी केली, की तुम म्हणाली, "आता तिथं गालिचा घाल आणि फुलं ठेव."

सोळावं संपलं तेव्हा माझे एकोणऐंशी होते, तिचे ऐंशी. पुढच्या गटातली नोप फोनवर ओरडून सांगत होती की बाकीच्या सगळ्या गटांतली सगळ्यांत बरी बाईसुद्धा नव्वदीच्या पुढं चाललीय. म्हणजे आता आम्ही दोघीच उरलो होतो.

चालताना कुंग साइपिनताईच्या बरोबर पळत होती. किनाऱ्याच्या कडेला हरवलेले चेंडू सापडतात, ते तिनं फ्रॉकच्या खिशात भरले होते.

"मावशी, तुझ्या मुलीला गुलाबी आवडतो का पिवळा?"

"गुलाबी."

"मग हा तिचा. ती कधी येणार?"

"येईल ना," साइपिनताई म्हणाली. चालता चालता तिनं कुंगची टोपी सारखी केली. "शाळा उघडायच्या आत येईल."

मी मागं होते. तिनं माझ्याकडं पाहिलं नाही, मीही खाली बघून चालत राहिले.

*

सतरावं होल अगदी समुद्राला लागून आहे. मध्ये तळं, पलीकडं हिरवळ, हिरवळीच्या उजव्या हाताला वाळू आणि लाटा. तुमनं मारलेला चेंडू तळ्यात गेला. दुसराही गेला. तिसरा कसाबसा काठावर पडला, तर तिथं घोरपड बसलेली. तुम लांबूनच दांडा हलवत तिच्याशी भांडायला लागली.

"उठ गं बाई, उठ! तुझं घर नाही ते! अगं, मला पण शिकायचंय बसून खायला!"

माझा चेंडू होलपासून दोन हातांवर होता. साइपिनताईचा चार पावलांवर. लांबचीनं आधी खेळायचं. मी माझ्या चेंडूच्या जागी खूण ठेवली, चेंडू उचलला, खांद्यावरच्या टॉवेलनं पुसला. कुंग हिरवळीच्या कडेला गुडघे पोटाशी घेऊन बसली होती. ऊन पाण्यावरून उसळून थेट डोळ्यांत येत होतं. साइपिनताईनं डोळे बारीक केले. उन्हानं आणि खाऱ्या वाऱ्यानं तिच्या उजव्या डोळ्यात मांस वाढलंय. ती कुणाला सांगत नाही, पण मला ठाऊक आहे. ती वाकली, चेंडू ठेवला, उभी राहिली, पुन्हा वाकली.

पुढचं मी ठरवून केलं नाही.

माझे पाय तिच्या मागं गेले. मी उकिडवी बसले. गवत समुद्राकडं झुकलेलं दिसलं. आणि मी हळू आवाजात, जसं रोज सांगते तसं, म्हणाले, "डावीकडे एक कप."

शब्द बाहेर पडले आणि मला ते ऐकू आले.

साइपिनताईचा हात थांबला. लाट आली, गेली. ती वळून बघेल असं वाटलं, पण तिनं बघितलं नाही. मग तिनं चेंडू मारला. डावीकडं निघाला तो, एका कपाइतका, मग आळसावल्यासारखा उजवीकडं वळला आणि आत पडला.

"आई!" कुंग टाळ्या वाजवत उठली. "तू सांगितलंस तस्साच गेला!"

तळ्यावरून तुम ओरडली, "काय झालं? गेला का आत?"

"गेला," साइपिनताई म्हणाली. तिनं वाकून चेंडू काढला. मग माझ्याकडं पाहिलं. रागानं नाही, हसून नाही, नुसतं पाहिलं. एखादा दांडा पुसून परत बॅगेत ठेवण्याआधी आम्ही बघतो ना, कुठं चरा पडलाय का, तसं. "तुझी पाळी," ती म्हणाली.

दोन हातांवरचा चेंडू. आंधळीनंही घातला असता. माझा चेंडू कपाच्या काठावरून फिरून बाहेर आला.

त्र्याऐंशी, त्र्याऐंशी. बरोबरी.

पण बरोबरी नव्हती. माझे पंच्याऐंशी होते. हे तिला ठाऊक होतं, मला ठाऊक होतं, आणि काय झालं ते न कळता कुंगला ठाऊक होतं.

*

अठराव्याकडं जाताना मी तिला गाठलं. "ताई, मघाशी मी..."

"पाणी पी," ती म्हणाली. "ओठ सुकलेत तुझे."

"ताई, ऐक ना."

"एक होल राहिलंय. खेळताना तोंड बंद ठेवायचं ठरलंय ना?"

एवढंच. माझं कार्ड तिच्या खिशात होतं. मला दिसत होतं, खिशातून कार्डाचा कोपरा आणि पेन्सिल बाहेर आलेली. चालता चालता मी मनात शंभर वेळा सगळं मांडून पाहिलं. माझे जास्तीचे दोन फटके ती लिहील. का नाही लिहिणार? तिची बाइतोय आठ वर्षांची आहे. आणखी दोन वर्षांनी ती यायलाच तयार होणार नाही. आणि ती नाही बोलली तर? तर मी बोलायचं का? चेंडूच्या वळणाची ती रेघ तर तिनंच मला शिकवली होती, पहिल्या महिन्यात, त्याच हिरवळीवर. मी न सांगता तिला दिसली नसती का? दिसली असती. मग माझ्या सांगण्यानं काय बदललं? काहीच नाही. असं मी स्वतःला सांगत होते, आणि डोळ्यांसमोर अर्धी लागलेली चेन येत होती.

अठराव्यावर दोघींचे पहिले फटके चांगले पडले. समोर पुन्हा पाणी, पलीकडं हिरवळ, हिरवळीमागं गच्चीत प्रापाबाईंचं टेबल, आणि टेबलाशी माझी आई. तिनं बॅग बरोबरच आणली होती. बॅग पायांशी होती.

डोंगरावरचे ढग आता सरळ आमच्याकडं निघाले होते. मी सहा नंबरचा दांडा काढला. चेंडूपाशी उभी राहिले.

"पाच घे," साइपिनताई म्हणाली. "वरचा वारा समोरून आहे."

हळू नाही. चांगलं मोठ्यानं. तुम माझ्यापासून दहा पावलांवर बर्फ चघळत होती, तिनं मान वर केली.

मी साइपिनताईकडं पाहिलं. ती माझ्याकडं बघत नव्हती. सुरूच्या शेंड्यांकडं बघत होती. शेंडे खरंच आमच्याकडं झुकलेले होते. खाली मात्र काही जाणवत नव्हतं.

कानावर पडलेलं काढून टाकता येत नाही. मी पाच घेतला, सहापेक्षा लांब मारणारा. चेंडू पाण्यावरून गेला आणि हिरवळीच्या काठावर, जेमतेम, पडला. सहानं मारला असता तर पाण्यात होता.

साइपिनताईचा हिरवळीच्या मागं गेला. तिला सहा फटके लागले, मला पाच.

अठ्ठ्याऐंशी. एकोणनव्वद.

*

टेबलाभोवती सगळ्या गोळा झाल्या होत्या. चिकट भाताच्या टोपल्या आल्या होत्या, भाजलेली कोंबडी, कच्च्या पपईचा तिखटजाळ चटका, पण कुणी उघडलं नव्हतं. माझ्या आईनं दुरून भुवया उंचावल्या. मी मान हलवली नाही.

साइपिनताईनं माझं कार्ड टेबलावर ठेवलं. तुमनं तिचं ठेवलं. प्रापाबाईंनी चष्मा लावला, बोट फिरवत सगळे आकडे दोनदा मिळवले.

"दुआन अठ्ठ्याऐंशी. साइपिन एकोणनव्वद." मग चष्म्यावरून बघितलं. "सही करायच्या आधी काही सांगायचंय कुणाला?"

हा प्रश्न त्या सकाळपासून प्रत्येक गटाला विचारत होत्या. उत्तर देत नव्हतं कुणी.

साइपिनताई हात पाठीमागं बांधून उभी होती, पाहुणा पैसे मोजत असताना आम्ही उभ्या राहतो तशी, दुसरीकडं बघत. मी एक, दोन, तीन लाटा मोजल्या. ती बोलणार नव्हती. मला कळलं की ती बोलणार नाही. सही केली की झालं. कुंग बॅगेवर बसून आजीला चेंडू दाखवत होती. एक गुलाबी, एक पिवळा.

त्या दिवशी दुसऱ्यांदा माझं तोंड मला न विचारता उघडलं.

"सतराव्यावर मी ताईला सांगितलं. चेंडू कुठून वळेल ते."

कुणाच्या तरी हातातला चमचा खाली पडला.

"काय सांगितलंस?"

"डावीकडे एक कप."

"तिनं विचारलं होतं?"

"नाही. मीच बोलले. सवयीनं."

आईनं तोंडाला पदर लावावा तसा खांद्यावरचा पंचा लावला. तिला गोल्फ कळत नाही, पण माझा आवाज कळतो. प्रापाबाईंनी माझ्या कार्डावर हळूच अठ्ठ्याऐंशी खोडले. नव्वद लिहिले.

"म्हणजे एकोणनव्वद कमी," त्या म्हणाल्या. "साइपिन..."

"थांबा बाई," साइपिनताई म्हणाली. "माझेपण दोन लिहा. अठराव्यावर मी हिला दांडा सांगितला. पाच घे म्हटलं."

"अगं ए!" तुम ओरडली.

प्रापाबाईंनी पेन खाली ठेवलं. खूप वेळ त्या साइपिनताईकडं बघत राहिल्या. वीस वर्षं त्यांनी कॅडी बघितल्यात. "सवयीनं का?"

"सवयीनंच की. तोंडाला चिकटपट्टी कुठं दिली तुम्ही?"

कुणी हसलं नाही.

"तुम, तू ऐकलंस?"

"मी बर्फ खात होते," तुम म्हणाली. तिचे डोळे भरले होते. "कानात कुडकुड आवाज येतो बर्फाचा. काही ऐकू येत नाही."

"दुआन." प्रापाबाई माझ्याकडं वळल्या. "तुला सांगितलं होतं तिनं?"

मी साइपिनताईकडं पाहिलं. ती आता माझ्याकडंच बघत होती, आणि तिच्या त्या दुखऱ्या डोळ्यात पाणी होतं, पण ते तर उन्हानं नेहमीच असतं. नाही म्हटलं असतं तर ती जिंकली असती. नाही म्हणणं खोटं होतं. आणि मला नाही म्हणायचंही नव्हतं. हे मी कुणालाही सांगितलेलं नाही. मला नाही म्हणायचं नव्हतं.

"हो," मी म्हणाले.

नव्वद. एक्याण्णव.

पहिला थेंब कार्डावरच पडला. मग सगळ्या टोपल्या उचलून आत पळाल्या. मी साइपिनताईला शोधलं तर ती बाहेरच होती, हिरवळीवर, पावसात. होलमधला झेंडा काढून ठेवत होती, कारण वादळात झेंडा ठेवायचा नसतो.

मी पळत गेले. "ताई, मुद्दाम केलंस ना?"

"काय मुद्दाम?" तिनं झेंड्याची काठी खांद्यावर घेतली. "वारा खरंच समोरून होता. सहानं पोचली असतीस का तू?"

"नाही."

"मग? बरोबर सांगितलं मी. वाईट सांगितलं असतं तर म्हण." दोन पावलं गेली आणि वळली. "ती मच्छरदाणी तुझ्या पोरीला होईल. चाळीत डास फार आहेत."

*

चाळीतली खोली दहा पावलं लांब, सात पावलं रुंद. खिडकीतून उपाहारगृहाचा पत्रा दिसतो, आणि पत्र्याच्या वर बोटभर समुद्र. आईनं बॅग खाटेवर ठेवली. चेन या वेळी एका झटक्यात उघडली. कुंगचे फ्रॉक, वह्या, गावाहून आणलेली सुकी मासळी, एकेक करून बाहेर आलं. आई सहाच्या बसनं एकटीच जाणार होती. निघताना तिनं कुंगला इतकं हुंगलं, की कुंगच्या गालावरची माती आईच्या नाकाला लागली, आणि ती तशीच, पांढऱ्या नाकानं बसमध्ये चढली.

आम्ही परतलो तोवर दारात गुलाबी मच्छरदाणी कुणीतरी ठेवून गेलं होतं. किमतीची चिठ्ठी तशीच लावलेली. मी खुर्चीवर चढून ती बांधली. कुंग आत शिरली, बाहेर आली, पुन्हा आत शिरली. मग तिनं खिशातून चेंडू काढले. पिवळा आपल्या उशीशी ठेवला. गुलाबी घेऊन खोलीभर फिरली, जागा शोधत, आणि शेवटी खिडकीच्या कठड्यावर ठेवला, घरंगळू नये म्हणून खाली तिचा मोजा घातला.

"हा बाइतोयचा," ती म्हणाली. "मावशी म्हणाली, शाळा उघडायच्या आत ती येणार."

मी गाठ पुन्हा एकदा आवळली. आवळायची गरज नव्हती.

"आई," कुंग जाळीतून म्हणाली, "शाळा तर गुरुवारी उघडणार. मग ती कधी येणार?"